तौनोने उलटवलेली खोकी

हेल्मी कोर्पीच्या घरामागच्या शेडमध्ये रायफलचा प्रत्येक भाग सापडेल, फक्त रायफल सापडणार नाही. हे वाक्य ती फोनवर दिवसातून दोन-तीनदा म्हणते, आणि दर वेळी तिचा आवाज आधीपेक्षा थोडा जास्त थकलेला असतो.

शेडमध्ये कॉफीचे एकशे चाळीस रिकामे डबे आहेत आणि प्रत्येकावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी. चाप, स्प्रिंगा, नेम धरायच्या माश्या, दस्त्याचे स्क्रू. तिचा नवरा तौनो हा आमच्या हाविस्तो गावातला बंदुका दुरुस्त करणारा माणूस होता. मोडक्या जुन्या रायफली विकत घ्यायचा आणि त्यातलं चांगलं ते सोडवून डब्यात टाकायचा. आमच्याकडे कायद्याने बंदूक म्हणजे नंबर ठोकलेला तो मधला सांगाडा. बाकी सगळं नुसतं लोखंड आणि लाकूड. तौनो गेल्यावर महिन्याभरात हेल्मीने सगळे सांगाडे परवानेवाल्या दुकानदाराच्या ताब्यात दिले. लोखंड आणि लाकूड उरलं. ते शोधणारी माणसं मात्र देशभर विखुरलेली होती. एखाद्या कारखान्याला साठ वर्षांपूर्वी कुलूप लागलेलं असतं आणि त्याची रायफल अजून कुणाच्या तरी कपाटात एका स्क्रूसाठी अडून बसलेली असते.

मी तिच्या शेजारी अकरा वर्षं राहतो. लेथवर काम करतो. कानस सरळ कशी धरायची हे मला कॉलेजने नाही, तौनोने शिकवलं. त्यामुळे शेडमध्ये माझी ये-जा असायची. तौनो बनवायचा, मी बघायचो. हेल्मी मात्र दाराजवळच्या टेबलाशी बसून पार्सलं बांधायची. बेचाळीस वर्षं तिने तेच केलं. कुठला भाग कुठल्या सालच्या रायफलला बसतो हे तिला तौनोपेक्षा जास्त ठाऊक होतं, पण गिऱ्हाईक फोनवर म्हणायचं, "जरा साहेबांना द्या." मग ती फोनवर हात ठेवायची, पाच मोजायची, आणि तेच उत्तर जाड आवाजात द्यायची.

तौनोला जाऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत पार्सल पाठवणं हे काम विकण्यापेक्षा अवघड झालं. एका कंपनीने सांगितलं, बंदुकीशी संबंध असलेलं काहीही खासगी माणसाकडून घेणार नाही. दुसरीने परवाना मागितला, आणि परवाना फक्त दुकानदारांना मिळतो. तिसरीच्या माणसाने रायफलचा दस्ता बघून विचारलं, "हे वल्हं आहे का?" हेल्मीने खरं सांगितलं, आणि दस्ता तिच्याबरोबर घरी परत आला. शेवटी उरली नॉर्थलाइन. तिचं काउंटर आमच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात होतं. दुकान मार्लीसचं. खिळे, रंग आणि फावड्यांच्या मधोमध पार्सलाचा वजनकाटा. निम्म्या गावाची औषधं त्याच काउंटरवर येतात, कारण औषधाचं जवळचं दुकान चाळीस मैलांवर आहे.

नॉर्थलाइनचा नियम सरळ होता. नंबरचा भाग नको, काडतूस नको, बंदुकीची दारू नको. आत काय आहे ते कागदावर लिहून सही करायची. हेल्मी लिहायची आणि सही करायची.

गेल्या सप्टेंबरात डेल्मर रूसचा पहिला फोन आला. ओहायोचा. त्याच्या भावाची जुनी रायफल होती. ती गोळी झाडायची, पण झाडल्यावर रिकामं काडतूस सोडायची नाही.

"भाऊ होता तेव्हा मला तिला हात लावू देत नव्हता," डेल्मर म्हणाला. "आता तो नाही, तर ही काडतूस सोडत नाही. घराण्याचाच हट्ट आहे."

"नखी तुटली असेल," हेल्मी म्हणाली.

नखी म्हणजे बोल्टच्या, म्हणजे रायफलच्या मागेपुढे सरकणाऱ्या दांड्याच्या, तोंडाशी बसणारा बोटाच्या पेराएवढा पोलादी तुकडा. काडतुसाच्या कडेत अडकते आणि बोल्ट मागे ओढला की ते काडतूस नळीतून ओढून बाहेर टाकते. ती तुटली की रायफल एका गोळीची होते; दुसरीसाठी सळई घालून ठोकत बसायचं. त्या कारखान्याच्या नख्या मुळातच ठिसूळ होत्या. म्हणून तौनोने भंगारातल्या ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादातून सहा नख्या स्वतः घडवल्या होत्या. पाच गेल्या. सहावी त्याने हात थरथरायला लागल्यावर, शेवटची म्हणून केली. ती एकशे बाराव्या डब्यात होती.

हेल्मीने आठवडाभर हो-नाही सांगितलं नाही. मग एके दिवशी मला म्हणाली, "डब्यात ती काय करणारे? डब्यात काडतुसं येत नाहीत." आणि तिने डेल्मरला होकार कळवला.

त्यानंतर डेल्मर रोज चारला फोन करायचा.

"बाई, डेल्मर बोलतोय."

"कळलं. आवाजावरून कळलं, वेळेवरून पण कळलं."

"नखी पाठवली?"

"तुमच्या बोल्टचा फोटो अजून आलेला नाही. तो कुठल्या सालचा आहे ते बघितल्याशिवाय मी पाठवत नाही."

"जावई काढून देणार आहे. त्याला सवड नाही. बाई, पंधरा नोव्हेंबरच्या आत हवी."

"सगळ्यांनाच पंधरा नोव्हेंबरच्या आत हवी असते, डेल्मर." पंधराला आमच्याकडे हरणाची शिकार उघडते. त्या दिवशी शाळासुद्धा बंद असतात.

"सगळ्यांना पुढचं वर्ष असतं. मी एकोणऐंशीचा आहे. 'पुढच्या वर्षी' हा शब्द डॉक्टरने मला बंद केलाय, मिठाबरोबर. शिवाय आमचा शिकारीचा कॅम्प जातोय. मालकाने जमीन विकली. भावाच्या रायफलने भावाच्या जागेवर बसायचं, एवढा एकच हंगाम आहे."

फोटो तीन नोव्हेंबरला सकाळी आला. बोल्ट बरोबर सालचा होता. हेल्मीने त्याच दिवशी पार्सल बांधलं, आणि चूकही त्याच दिवशी झाली.

काडतुसं ज्या खोक्यात येतात ते खोकं लहान, जाड आणि मजबूत असतं. लोखंड पाठवायला त्याहून चांगलं काही नाही. बंदूकवाल्यांच्या प्रत्येक घरात अशा रिकाम्या खोक्यांचा ढीग असतो. ती फेकायला कुणाचा हात धजत नाही. पण त्यांच्यावर धोक्याच्या मालाची खूण छापलेली असते: टोकावर उभा असलेला चौकोन, वरचं आणि खालचं टोक काळं. ती खूण दिसली की पार्सलवाले खोकं बाजूला काढतात, आत काहीही असो. तौनो म्हणून खोकी उलटवायचा. चिकटवलेली कड सुरीने सोडवायची, पुठ्ठा आतला बाहेर करायचा, पुन्हा चिकटवायचा. खूण आत गेली, कोरी बाजू बाहेर आली. हिवाळ्यात दुसरं काम नसलं की तो खोकीच उलटवत बसायचा. "हेल्मी, यांची चामडी फिरवतोय," म्हणायचा. जाताना त्याने उलटवून ठेवलेली दोनशेच्या वर खोकी शेडमध्ये भिंतीला लावून रचलेली होती.

हेल्मीने ती दोन वर्षं पुरवली. एकतीस ऑक्टोबरला शेवटचं गेलं. मला हे तिने नंतर सांगितलं. तेव्हा ती भिंत मोकळी झाली हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तीन तारखेला तिने न उलटवलेल्या ढिगातलं एक खोकं घेतलं. सुरीही घेतली. तिच्या बोटांची पेरं सुजलेली असतात. थंडी पडली की अंगठा वाकत नाही. तिने एक कड अर्धी सोडवली, सुरी खाली ठेवली, आणि खुणेवर पत्त्याचा कागद चिकटवला.

मार्लीसने काउंटरवर खोकं वजनाला ठेवलं, कागद घेतला, शिक्का मारला. वीस वर्षांत त्या काउंटरवरून गेलेलं हेल्मीचं एकही पार्सल परत आलेलं नव्हतं. कोण उलटून-पालटून बघणार?

दहा तारखेला दुपारी मार्लीस स्वतः हेल्मीच्या दारात आली. दुकान सोडून ती एरवी कधी येत नाही. मी तेव्हा तिथेच होतो, हेल्मीच्या स्वयंपाकघरातला नळ बसवत.

"ऐक, एस्कनाबाच्या गोदामातून फोन आला होता," मार्लीस म्हणाली. "तुझं खोकं त्यांनी धरून ठेवलंय. पत्त्याचा कागद थंडीने सुटला. खाली ती खूण दिसली."

हेल्मी खुर्चीवर बसली. "आत नखी आहे. दुसरं काही नाही."

"मला माहितेय. त्यांना माहीत नाही. न कळवता पाठवलेला धोक्याचा माल, असं लिहिलंय. पाठवणाऱ्याने दहा दिवसांत स्वतः जाऊन त्यांच्यासमोर उघडून दाखवायचं. नाहीतर ते नष्ट करतात."

"कधीपासून दहा दिवस?"

"पाच तारखेपासून. म्हणजे पंधरा. पण पंधराला शनिवार. कचेरी बंद."

"नष्ट म्हणजे?"

"भट्टीत घालतात. न उघडता."

हेल्मीने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "पावणेदोनशे मैल. जायला. आणि वाटेत बर्फ." जाणार की नाही हे त्यातून कळत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले, आणि फोन वाजला.

"बाई, डेल्मर. पार्सल कुठवर आलं?"

हेल्मीने मार्लीसकडे बघितलं. "एस्कनाबात आहे," ती फोनमध्ये म्हणाली. "माझी चूक झाली. मी आणायला जातेय."

"आणायला? बाई, पार्सल तुमच्याकडून माझ्याकडे यायचं असतं."

"हे जरा उलट्या चालीचं निघालं. तुम्ही कॅम्पला कधी निघताय?"

"तेराला पहाटे. पूल ओलांडून, सरोवराच्या कडेने. दोनपर्यंत मॅनिस्टीक."

"तिथल्या पेट्रोल पंपासमोर पास्टीचं दुकान आहे. तिथे थांबा."

बुधवारभर बर्फ पडलं. गुरुवारी तेराला सकाळी सहाला मार्लीस आपली गाडी घेऊन आली. तिने दुकानाच्या दाराला पाटी लावली होती: 'आज बंद, एस्कनाबाला गेले, औषधं शुक्रवारी.' हेल्मी म्हणाली, "तू कशाला?" मार्लीस म्हणाली, "शिक्का माझा होता. बस." मी थर्मासमध्ये कॉफी आणि वेलचीच्या पावाचे चार तुकडे दिले. पुढचं सगळं मला मार्लीसने सांगितलं आणि जिथे तिने फुगवलं तिथे हेल्मीने दुरुस्त केलं.

वाटेत दोघी फार बोलल्या नाहीत. बर्फ फेकणाऱ्या गाडीच्या मागे तासभर रखडल्या. मार्केट शहराच्या पुढे हेल्मीने पर्स उघडून आतली छोटी कापडी पुरचुंडी चाचपली आणि पर्स परत मिटली.

"काय आहे त्यात?"

"तौनोचा दगड."

"दगड?"

"घासायचा. नखी त्याने जरा जाड ठेवलीय. प्रत्येक बोल्ट वेगळा असतो. शेवटचं घासणं हातानेच करायचं असतं."

"मग हे डेल्मरला कोण शिकवणार होतं?"

"मी चिठ्ठी घातलीय खोक्यात. दोन पानी."

"ऐंशी वर्षांचा म्हातारा दोन पानी चिठ्ठी वाचून पोलाद घासणार?"

"एकोणऐंशी," हेल्मी म्हणाली.

एस्कनाबाबाहेरचं नॉर्थलाइनचं गोदाम विमानाच्या शेडएवढं आहे. पट्ट्यांवरून पार्सलं वाहत होती आणि शिकारीच्या आठवड्यातली सगळी घाई तिथे गोळा झालेली होती. एका कोपऱ्यात जाळीची खोली होती. आत टेबल आणि टेबलावर एकटं हेल्मीचं खोकं, भोवती पिवळी पट्टी. मार्लीस म्हणाली, इतक्या मोठ्या जागेत ते इतकंसं दिसत होतं की मला त्याची दया आली.

सुरक्षेचा माणूस वेंडेल प्रूइट नावाचा होता. पन्नाशीचा. चष्मा दोरीने गळ्यात, डोळे लाल. पहाटे चारपासून कामावर होता हे त्याने आल्याआल्या सांगितलं, तक्रार म्हणून नाही, नुसतं.

"मॅडम, खोकं तुमचं?"

"खोकं काडतुसाच्या कारखान्याचं. अक्षर माझं."

"आत काय आहे?"

"नखी."

त्याने चष्मा डोळ्यावर चढवला. "कुणाची?"

"रायफलची. काडतूस ओढायची. कागदावर लिहिलंय तसं."

"कागदावर लिहिलंय," तो म्हणाला, "पण खोक्यावर वेगळंच छापलंय. उघडा."

हेल्मीला पट्टी कापता येईना. मार्लीस पुढे झाली तर प्रूइट म्हणाला, "पाठवणाऱ्यानेच उघडायचं." मार्लीस मागे सरली. हेल्मीला चार मिनिटं लागली. आतून आधी चिठ्ठी निघाली, मग लोकरीचा एक मोजा, मोज्यातून गोळ्यांची नारिंगी बाटली. बारीक भाग आमच्याकडे सगळे असेच पाठवतात. म्हाताऱ्यांच्या घरात बाटल्यांना तोटा नसतो.

प्रूइटने बाटली उजेडात धरली. "तौनो कोर्पी. रोज झोपताना एक गोळी." त्याने सुस्कारा सोडला. "मॅडम, औषधसुद्धा पाठवताय?"

"औषध त्याने घेतलं," हेल्मी म्हणाली. "उपयोग झाला नाही, पण घेतलं सगळं. बाटली रिकामी आहे. म्हणजे नखी आहे."

बाटलीतून टेबलावर नखी पडली. निळसर, पेराएवढी. प्रूइटने ती तळव्यावर घेऊन फिरवली. "एवढ्यासाठी तुम्ही कुठून आलात?"

"हाविस्तोहून."

त्याने नखी बाटलीत परत टाकून हेल्मीच्या हातात दिली आणि एक कागद पुढे सरकवला. "वस्तू तुमची. ती घेऊन जा. आता हा अर्ज. सातवा प्रश्न नीट वाचा."

सातवा प्रश्न असा होता: खोक्यावर धोक्याच्या मालाची खूण आहे हे पाठवणाऱ्याला माहीत होतं का?

"लोक बहुतेक 'लक्षात आलं नाही' असं लिहितात," प्रूइट भिंतीकडे बघत म्हणाला. "त्याला सहा महिने बंदी. मग पुन्हा अर्ज करता येतो."

हेल्मीने कागद लांब धरून पुढचंही वाचलं. आठवा प्रश्न: काउंटरवर खोकं कोणी तपासलं, आणि खूण का दिसली नाही?

"आठव्याचं काय होतं?" तिने विचारलं.

"सातव्यावर अवलंबून आहे. तुमच्या लक्षात आलं नाही, तर काउंटरवरच्या माणसाच्या लक्षात यायला हवं होतं. मग काउंटरची चौकशी लागते."

मार्लीस म्हणाली, "लागू दे. हेल्मी, लिही, लक्षात आलं नाही. मी बघून घेईन."

"तू काय बघणार?"

"बघेन काहीतरी. चौकशीच आहे ना, फाशी नाही."

"आणि काउंटर गेलं तर रिट्व्हाबाईचं इन्सुलिन कुठे येणार? माझ्या शेडमध्ये?"

"तुझं बोलणं मला नको. लिही."

हेल्मीने पेन उचललं. सावकाश लिहिलं, कारण अंगठा. मार्लीसने वाकून वाचलं ते असं होतं: 'माहीत होतं. खोकं उलटवायला पाहिजे होतं. मी दमले होते. खुणेवर पत्ता चिकटवला. काउंटरवर दिलं तेव्हा खूण झाकलेली होती.' खाली सही.

प्रूइटने ते दोनदा वाचलं. "मॅडम, यावर कायमची बंदी येते. तुमच्या नावाचं पार्सल पुन्हा कुठल्याच काउंटरवर घेणार नाहीत. तुम्हाला बाहेर बसून जरा विचार करायचा असेल, तर मला कॉफी प्यायचीच आहे."

"तुम्ही खुशाल कॉफी प्या," हेल्मी म्हणाली. "मी दोन वर्षं विचारच करतेय."

गाडीत बसल्यावर मार्लीसचा तोल सुटला. "खोटं कुठे होतं त्यात? घाईत येत नाही माणसाच्या लक्षात! तू स्वतःचं दुकान बंद केलंस, कळतंय का?"

"माझं कुठे होतं? तौनोचं होतं. मी काउंटर होते." हेल्मीने पट्टा लावला. "तुला माहितेय काउंटर काय असतं. चल, दोन वाजायला आलेत."

मॅनिस्टीकच्या पास्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंज्यांच्या, दुकानात बसायला जागा नव्हती. जिकडे तिकडे नारिंगी जाकिटं, ओले बूट, आणि कुणी कुठे हरीण पाहिलं याच्या थापा. कोपऱ्यातल्या टेबलावरून एक किडकिडीत म्हातारा हात हलवत होता. कानात मशीन. शेजारी त्याचा जावई, दारातून आडवा होऊन आत आला असेल एवढा, मान खाली घालून खात होता.

"बाई?" म्हातारा म्हणाला.

"डेल्मर? मला वाटलं तुम्ही धिप्पाड असाल."

"फोनवर मी धिप्पाडच असतो." त्याने जावयाच्या ताटाकडे बोट केलं. "प्रत्यक्षातलं काम ह्याच्याकडे. बसा. पास्टी मागवतो."

"आधी बोल्ट द्या."

रायफल बाहेर गाडीत कुलपात होती. बोल्ट तेवढा डेल्मरने रुमालात बांधून आणला होता. सोबत एक रिकामं काडतूस. हेल्मीने टेबल पुसून घेतलं. तुटक्या नखीचा तुकडा सुईने उचकटून काढला, नवी बसवली आणि काडतुसाची कड तिच्याखाली सरकवून बघितली. सरकेना. डेल्मरचा चेहरा पडला.

"बसत नाही?"

"बसायला नकोच आहे अजून." तिने पुरचुंडी सोडली. दगडावर कॉफीचा थेंब पडला होता, तो पुसला. मग घासायला लागली. पुढे नाही, फक्त मागे, दर वेळी एकाच कोनात. अंगठा न वाकणाऱ्या हाताने. तीन वेळा घासून बघितलं. पुन्हा दोन वेळा. शेजारच्या टेबलावरची माणसं बोलायची थांबली होती. शेवटी काडतूस टक् करून बसलं, आणि बोल्ट उलटा धरून हलवला तरी पडेना. मग हेल्मीने बोटाने बाजूला ढकलल्यावर सुटलं.

जावई पहिल्यांदा बोलला. "असं आमच्याकडे कुणाला येत नाही."

"आमच्याकडेही आता कुणाला येत नाही," हेल्मी म्हणाली.

डेल्मरने बोल्ट रुमालात बांधला, सोडला, पुन्हा बांधला. "आणखी आहेत का या? म्हणजे पुढच्या वर्षी जर—"

"तो शब्द तुम्हाला डॉक्टरने बंद केलाय ना?" हेल्मीने पास्टीचं ताट ओढून घेतलं. "नाहीत. ही शेवटची. आता मला खाऊ द्या."

शुक्रवारी ती दिवसभर झोपली. मी दोनदा दार वाजवून बघितलं. दुसऱ्यांदा आतून "जिवंत आहे" असं ओरडली.

शनिवारी पंधरा तारखेला उजाडता उजाडता गावाबाहेरच्या रानातून गोळ्यांचे आवाज यायला लागले. एक इकडून, दोन तिकडून, मग बराच वेळ काही नाही. शनिवार म्हणजे सौनाचा, लाकडं पेटवून तापवलेल्या खोलीत घाम काढायचा, दिवस. दुपारी मी लाकडं घेऊन हेल्मीकडे गेलो तेव्हा ती सौनाच्या शेगडीसमोर बुटक्या स्टुलावर बसली होती. बाजूला न उलटवलेल्या खोक्यांचा अख्खा ढीग. एकेक खोकं पायाखाली चपटं करायची आणि शेगडीत सारायची. काळ्या टोकांचा चौकोन आधी तपकिरी व्हायचा, मग दिसेनासा.

"सगळी?" मी विचारलं.

"ठेवून काय करू? कुणी घेत नाही." तिने शेडच्या दाराकडे मान केली. तिथे नवी चिठ्ठी होती: 'पार्सल होत नाही. ज्याला हवं त्याने येऊन न्यावं. आधी फोन करा. चारला नको.'

"कोण येणार इथवर?"

"नाही आले तर नाही आले."

मी लाकडं रचत होतो तेवढ्यात तिच्या जाकिटात फोन वाजला. घड्याळात दीड वाजला होता. तिने फोन कानाला लावला आणि मलाही ऐकू जाईल इतका डेल्मर ओरडत होता.

"बाई, डेल्मर! टेकडीवरून बोलतोय, फोन लागतो इथे."

"मिळालं?"

"आठ फाट्यांच्या शिंगांचा होता. साठ पावलांवर. माझ्याकडे बघत होता. चुकलो."

हेल्मीने डोळे मिटले. "आणि नखी?"

"बोल्ट मागे ओढला, काडतूस टणकन बाहेर. माझ्या टोपीवरून गेलं! दुसरी झाडली. तीही चुकली."

"तेव्हा?"

"तेव्हाही बाहेर. टणकन. जावई हसून हसून झाडाला टेकलाय. भाऊ असता तर रायफल हिसकावून घेतली असती माझ्याकडून." पलीकडे जरा वेळ नुसता वारा ऐकू आला. "बाई, ऐकताय ना?"

"ऐकतेय. खाली वाकून काडतुसं वेचा. रानात टाकू नका."

"वेचली. खिशात आहेत."

तिने फोन बंद केला. ढिगातलं पुढचं खोकं पायाखाली घेतलं, पण दाबलं नाही. थोडा वेळ त्यावर पाय तसाच ठेवून बसली.

"दोन्ही काडतुसं काढली तिने," ती म्हणाली.

"हो, ऐकलं मी."

"तौनोच्या सहाच्या सहा नख्या चालल्या म्हणजे." तिने खोकं दाबलं, शेगडीत सारलं आणि लोखंडी दार बुटाच्या टोकाने लावलं. मग भिंतीला पाठ टेकली. "तासाभरात तापेल. तू आधी जा आत. मी जरा बसते."